उजेडात आणलेला अंधार

चुनखडीची गुहा पाहायला जाणारा प्रवासी तेथे नेमके काय पाहतो, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. आत जाताना एका वळणावर सूर्यप्रकाशाचा शेवटचा अंश संपतो आणि त्यापलीकडे जो काळोख सुरू होतो, तो अमावास्येच्या काळोखाहूनही वेगळ्या जातीचा असतो. अमावास्येला निदान चांदण्यांचा उजेड असतो, त्यामुळे थोड्या वेळाने डोळे सरावतात, पण गुहेच्या अंतर्भागात डोळ्यांनी सरावावे असे काही उरलेलेच नसते. तेथील स्तंभ आणि पडदे हजारो वर्षे घडत आले आहेत हे खरे, परंतु दृश्य म्हणून त्यांचे वय कोणीतरी पहिल्यांदा दिवा घेऊन आत गेले त्या दिवसापासून मोजावे लागते. पायवाट, कठडे, दिवे, वाटाडे आणि तिकीटखिडकी यांनी सज्ज केलेल्या गुहेला प्रदर्शनीय गुहा म्हणता येईल, आणि अशी गुहा निसर्गाने जितकी घडवलेली असते जवळजवळ तितकीच माणसाने मांडलेली असते. पर्यटनपुस्तिकांमध्ये पहिल्या बाजूची वर्णने भरपूर आढळतात. दुसरी बाजू मात्र, ती साऱ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही, सहसा नजरेतून सुटते.

महाराष्ट्रातील वाचकाला या बाबतीत एक वेगळी सवय आहे. त्याच्या परिचयाच्या गुहा म्हणजे कार्ले, भाजे, अजिंठा, वेरूळ येथील लेणी, आणि ती सर्व बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थंड होऊन बनलेल्या काळ्या पाषाणात, छिन्नी-हातोड्याने कोरलेली आहेत. बेसॉल्ट पावसाच्या पाण्यात चुनखडीसारखा विरघळत नाही, त्यामुळे सह्याद्रीत पाण्याने कोरलेली मैलोगणती भुयारे सापडत नाहीत आणि पोकळी हवी असेल तर ती माणसालाच करावी लागते. ज्यांनी ती केली त्यांनी उजेडाचा विचार आधी केला होता: कार्ल्याच्या चैत्यगृहातील घोड्याच्या नालाच्या आकाराची मोठी खिडकी प्रकाश थेट आतल्या स्तूपाकडे नेते. लेणे हे मुळात पाहण्यासाठी, निदान दर्शनासाठी, घडवलेले असते. चुनखडीची गुहा घडवणाऱ्या पाण्याला अशा कोणत्याही प्रेक्षकाची अपेक्षा नव्हती. महाराष्ट्रात चुनखडी अजिबात नाही असे नव्हे. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत तिचे मोठे साठे आहेत, परंतु तिची प्रसिद्धी गुहांसाठी नसून सिमेंटच्या कारखान्यांसाठी आहे.

चुनखडीत पोकळी कशी निर्माण होते आणि मग तीच पोकळी पुन्हा दगडाने कशी सजते, हे एकाच रासायनिक क्रियेच्या येण्याजाण्याने समजावून सांगता येते. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, जे प्राचीन समुद्रांच्या तळाशी शंखशिंपले आणि सूक्ष्म जीवांच्या कवचांच्या रूपाने साचले. पावसाचे पाणी हवेतून थोडा आणि मातीतून, जेथे मुळे आणि जिवाणू सतत श्वसन करत असतात, त्याहून कितीतरी अधिक कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. त्यातून अतिसौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते आणि खडकातील भेगांमधून झिरपताना ते चुनखडी विरघळवत नेते. हेच चुन्याने भारलेले पाणी पुढे एखाद्या मोकळ्या दालनाच्या छतातून ठिबकू लागले, की तेथल्या हवेत मातीपेक्षा कार्बन डायऑक्साइड कमी असल्यामुळे पाण्यातला वायू बाहेर पडतो, आम्लता उतरते आणि विरघळलेला चुना कॅल्साइटच्या स्फटिकांच्या रूपाने मागे राहतो. पाणी वाळून चुना उरतो अशी एक सोयीची समजूत आहे, परंतु खोल गुहांची हवा इतकी दमट असते की तेथे बाष्पीभवनाला फारसा वाव नसतो. तेथे काम करतो तो वायूचा निसटण्याचा स्वभाव. छतातून खाली वाढतो तो अधोमुखी लवणस्तंभ, आणि थेंब जमिनीवर आपटून तेथून वर चढत जातो तो ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. पहिल्याची सुरुवात बहुधा एका पोकळ, बोरूसारख्या नळीने होते, तर दुसरा जन्मापासून भरीव असतो. वाढीचा वेग ठिकाणानुसार बदलतो, तरी वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग हा अंदाज पुष्कळ ठिकाणी लागू पडतो, म्हणजे माणसाच्या एका दीर्घ आयुष्यात साधारण नखाच्या रुंदीएवढी भर पडते.

या क्रियेचे शास्त्र ज्या प्रदेशाच्या नावाने ओळखले जाते तो प्रदेश आजच्या स्लोव्हेनिया आणि इटलीच्या सीमेवर आहे. तेथील क्रास नावाच्या पठारावरून 'कार्स्ट' ही संज्ञा आली, आणि सर्बियन भूगोलज्ञ योव्हान त्स्वियिच यांच्या 1893 च्या ग्रंथानंतर ती जगभर रूढ झाली. ज्या भूमीवर पाऊस भरपूर पडूनही नद्या दिसत नाहीत, कारण त्या खडकाच्या पोटात उतरलेल्या असतात, तिला कार्स्ट भूमी म्हणतात. याच भागात पोस्तोयना हे गाव आहे आणि गावाजवळ त्याच नावाची गुहा, जिची ज्ञात लांबी सुमारे 24 किलोमीटर आहे. पिव्का नावाची नदी गुहेच्या तोंडाशी जमिनीत शिरते, डोंगराच्या पोटातून वाहत प्लानिना येथील गुहेत दुसऱ्या एका भूमिगत नदीला मिळते, बाहेर पडताना उनित्सा हे नाव घेते, पुन्हा जमिनीत जाते, ल्युब्ल्यानित्सा म्हणून वर येते आणि सावा व डॅन्यूब यांच्या मार्गाने काळ्या समुद्राला पोहोचते. पर्यटक ज्या दालनांतून फिरतात ती या नदीने फार पूर्वी सोडून दिलेली वरच्या मजल्यावरची पात्रे आहेत. नदी स्वतः आता खालच्या मजल्यावर आहे. तेथील चुनखडी क्रिटेशस कालखंडातल्या समुद्रात साचली, आणि दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरू लागले ते त्याच कालखंडाच्या अखेरीस, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी.

पोस्तोयनाच्या प्रवेशद्वाराजवळचा भाग मध्ययुगापासून लोकांना माहीत होता. तेथे एका बोळाच्या भिंतीवर जुन्या अभ्यागतांनी आपली नावे लिहून ठेवली आहेत, आणि त्यांतील सर्वांत जुनी तारीख म्हणून 1213 हे साल सांगितले जाते. किल्ल्यांच्या आणि मंदिरांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्यांची आपल्याकडे जी निर्भर्त्सना होते तिला शेकडो वर्षे टिकलेली अशी काही नावे थोडी अडचणीत आणतात, कारण पुरेसा काळ लोटल्यावर विद्रूपीकरणाचे रूपांतर पुराव्यात होते. गुहेचा खरा विस्तार मात्र 1818 पर्यंत अज्ञातच होता. त्या वर्षी ऑस्ट्रियाचा सम्राट पहिला फ्रान्सिस गुहा पाहायला येणार होता. त्याच्या स्वागतासाठी गुहेत दिवे लावण्याचे काम चालू असताना त्या कामावरचा लुका चेच नावाचा स्थानिक माणूस एका कड्यावर चढला, पलीकडे गेला, आणि पलीकडे गुहा संपत नाही, उलट तेथेच ती सुरू होते, असे त्याला आढळले. हा योगायोग म्हणून सांगितला जातो, परंतु तो तितकासा योगायोग नाही. त्या दिवसांत गुहेच्या आत दिव्यांचा एवढा मोठा साठा घेऊन वावरण्याचे कारण फक्त राजाच्या भेटीनेच मिळू शकत होते, आणि ज्याच्या हाती दिवा होता त्यालाच अज्ञात दालन सापडणे क्रमप्राप्त होते. सम्राटाला जे दाखवायचे ते दिसावे म्हणून केलेल्या तयारीतून, दाखवायचे काय हेच बदलून गेले.

पुढच्याच वर्षी, 1819 मध्ये, युवराज फर्डिनांडच्या भेटीने गुहा अधिकृतपणे पर्यटकांसाठी खुली झाली आणि अभ्यागतांची नोंदवही सुरू झाली. या व्यवस्थेमागे योसिप येर्शिनोविच नावाच्या स्थानिक अधिकाऱ्याची दूरदृष्टी होती. वाटाड्यांची नेमणूक, प्रवेशाचे शुल्क, दिव्यांचा खर्च आणि आतली डागडुजी या गोष्टी एकत्र बांधल्या तर गुहा स्वतःचा खर्च स्वतः भागवू शकेल हे त्याने ओळखले होते. लुका चेच गुहेचा पहिला अधिकृत वाटाड्या झाला. त्यानंतरच्या शतकाचा इतिहास हा जवळजवळ संपूर्णपणे प्रकाशाचा आणि वाहतुकीचा इतिहास आहे. प्रारंभी मशाली आणि मेणबत्त्या होत्या, ज्यांचा धूर छताला चिकटत असे. पेंटेकॉस्टच्या सणाला लागून येणाऱ्या सोमवारी आतल्या एका प्रशस्त दालनात असंख्य मेणबत्त्या लावून वाद्यांच्या साथीने नृत्य होत असे, आणि त्या दालनाला नृत्यदालन हेच नाव पडले. 1857 मध्ये व्हिएन्ना ते त्रिएस्ते हा रेल्वेमार्ग पूर्ण होऊन पोस्तोयना त्यावरचे स्थानक बनले आणि साम्राज्याच्या राजधानीतला मध्यमवर्ग येथवर पोहोचू लागला. 1872 मध्ये गुहेच्या आतच रूळ घालण्यात आले. त्यांवरच्या छोट्या डब्यांत पाहुणे बसत आणि वाटाडे ते डबे हाताने ढकलत. 1884 मध्ये आत विजेचे दिवे लागले, तेव्हा प्रांताची राजधानी असलेल्या ल्युब्ल्याना शहराच्या रस्त्यांवरही वीज आलेली नव्हती. 1899 मध्ये आत टपाल कार्यालय उघडले, ज्यामुळे प्रवाशाला भूगर्भातून भूगर्भाच्याच शिक्क्याचे पत्र घरी पाठवता येऊ लागले. जमिनीवरच्या गावाला ज्या सोयींची वाट पाहावी लागली त्या जमिनीखाली आधी पोहोचल्या, याचे एकच सरळ कारण आहे: गाव अंधारातही गाव राहते, पण प्रदर्शनीय गुहेचा सगळा व्यवहारच दिव्यावर चालतो.

या इतिहासात राज्ये बदलत राहिली आणि प्रत्येक राज्याने आपली खूण मागे ठेवली. पहिल्या महायुद्धात रशियन युद्धकैद्यांकडून आतल्या एका खोल दरीवर पूल बांधून घेण्यात आला, जो आजही रशियन पूल म्हणून ओळखला जातो आणि ज्यावरून जाणाऱ्या बहुसंख्य पर्यटकांचे लक्ष पुलाऐवजी वर लोंबणाऱ्या स्तंभांकडे असते. दोन महायुद्धांच्या दरम्यान हा प्रदेश इटलीकडे होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने प्रवेशद्वाराजवळच्या दालनात विमानाच्या इंधनाची सुमारे हजार पिंपे साठवली होती. एप्रिल 1944 मध्ये स्लोव्हेनियन प्रतिकारसैनिकांनी ती पेटवून दिली आणि आग सात दिवस धुमसत राहिली. प्रवेशाजवळच्या भिंतींवर तिची काजळी अजून स्पष्ट दिसते, आणि पुढच्या पांढऱ्याशुभ्र दालनांच्या अपेक्षेने आत शिरणाऱ्याला पहिले दर्शन होते ते या काळ्या भिंतींचे. ती धुऊन काढली गेली नाही हे एका अर्थी बरे झाले.

आज विजेवर चालणारी आगगाडी प्रवाशांना दोन किलोमीटरहून अधिक आत नेऊन सोडते, मधला भाग पायी पाहिला जातो आणि दीड तासात फेरी पूर्ण होते. हवा बाराही महिने सुमारे 10 अंश सेल्सिअस असते, कारण खोल गुहेचे तापमान हे त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास स्थिरावते. खडकाचा जाड थर उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही गाळून टाकतो. दालनांना त्यांच्या रंगावरून किंवा आकारावरून नावे दिलेली आहेत. शुद्ध कॅल्साइट पांढरे असते, लोहाची संयुगे मिसळली की ते तांबूस होते, आणि जेथे पाणी कलत्या छताच्या कडेने ओघळत गेले तेथे इतके पातळ पडदे बनले आहेत की मागे दिवा ठेवला तर ते उजळून निघतात. 'ब्रिलियांट' नावाचा पाच मीटर उंचीचा पांढरा स्तंभ हे तर गुहेचे अधिकृत चिन्ह बनले आहे. त्यावर सतत पाणी वाहत असल्यामुळे त्याचा पृष्ठभाग ओला राहतो आणि दिव्यात चकाकतो. येथे जरा थांबून विचार करण्यासारखे आहे: पारदर्शकता, चकाकी, शुभ्रता हे ज्या गुणांसाठी स्तंभ वाखाणले जातात ते सर्व प्रकाशाने बहाल केलेले गुण आहेत, आणि दिवा कोठे ठेवायचा, मागे की पुढे, पिवळा की पांढरा, हे ठरवणारा तंत्रज्ञ कोणत्याही नाट्यगृहातील प्रकाशयोजनाकाराइतकाच निवडक असतो.

नावे देण्याची हौस हा याच मांडणीचा दुसरा भाग. आंध्र प्रदेशातील अनंतगिरीच्या डोंगरांत, विशाखापट्टणमहून अराकूकडे जाणाऱ्या मार्गावर, बोर्रा गुहा आहेत, जेथे मराठी पर्यटकांचे जथेही नियमाने जातात. तेथील एका ऊर्ध्वमुखी स्तंभाची शिवलिंग म्हणून पूजा होते, आणि वाटाडे विजेरीचा झोत फिरवत शिवपार्वती, ऋषींची दाढी, मगर अशी आकृत्यांची यादी पुढे सांगत जातात. पोस्तोयनातही प्राणी, पक्षी आणि खाद्यपदार्थ खडकात शोधले जातातच. या प्रकाराकडे विज्ञाननिष्ठ लेखक सहसा तुच्छतेने पाहतात, परंतु तो दृष्टिकोन पुरेसा न्याय्य नाही. अपरिचित आकारांच्या गर्दीत नजर स्थिर करण्यासाठी माणसाला काही आधार लागतो, आणि शिवलिंग मानून हात जोडणारा माणूस त्या स्तंभाचा तुकडा तोडून पिशवीत घालण्याची शक्यता बरीच कमी असते. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या सुशिक्षित पाहुण्यांनी आठवण म्हणून लवणस्तंभ तोडून नेले, तेव्हा त्यांच्या आड असली कोणतीही श्रद्धा आली नव्हती. रंगीबेरंगी दिव्यांचे समर्थन मात्र कठीण आहे. हिरव्या, निळ्या आणि गुलाबी झोतांमध्ये न्हाऊन निघालेली गुहा, मग ती भारतातली असो वा चीनमधली, तिच्या स्वतःच्या रंगांची साक्षच पुसून टाकते, आणि लोहामुळे तांबूस झालेला दगड व दिव्यामुळे तांबूस दिसणारा दगड यांतला फरक पाहणाऱ्याला कळेनासा होतो.

दिव्याची किंमत दृष्टिभ्रमापुरती मर्यादित राहत नाही. कायमस्वरूपी दिवे लावलेल्या जवळजवळ प्रत्येक गुहेत, दिव्याच्या समोरच्या खडकावर काही काळाने हिरवा थर धरू लागतो. बाहेरच्या हवेतून, पाण्यातून आणि पर्यटकांच्या कपड्यांवरून आलेले शेवाळाचे, हरिताचे आणि नेच्याचे बीजाणू एरवी अंधारात निष्फळ ठरले असते, ते त्या उजेडाच्या वर्तुळात रुजतात. शास्त्रज्ञ त्याला दीपवनस्पती अशा अर्थाच्या नावाने ओळखतात, आणि ती काढताना वापरलेले रसायन स्तंभाच्या पृष्ठभागालाही इजा करू शकते. पर्यटकांच्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हा दुसरा त्रास, कारण ज्या वायूच्या कमतरतेमुळे कॅल्साइट साचते तोच वायू दाटीवाटीने आलेल्या माणसांमुळे वाढला, की साचण्याची क्रिया मंदावते आणि टोकाच्या परिस्थितीत उलटते. फ्रान्समधील लास्को येथे हा अनुभव सर्वांत कडवट ठरला: 1940 मध्ये सापडलेली आणि 1948 मध्ये लोकांसाठी उघडलेली ती चित्रगुहा, हिरव्या शेवाळाने आणि चित्रांवर चढू लागलेल्या कॅल्साइटच्या पांढऱ्या थराने धोक्यात आल्यामुळे, 1963 मध्ये बंद करावी लागली, आणि 1983 पासून पर्यटक तिची हुबेहूब प्रतिकृती पाहू लागले. पोस्तोयनाची दालने विशाल असल्यामुळे आणि हवा खेळती असल्यामुळे तिने दोनशे वर्षांत सुमारे चार कोटी माणसे सोसली. ते सामर्थ्य तिच्या आकाराचे आहे. लहान गुहेने तिचे अनुकरण करू नये.

गुहेचे मूळ रहिवासी या सगळ्या झगमगाटात कोठे बसतात, हा प्रश्न पोस्तोयनात फार लवकर उपस्थित झाला. 1831 मध्ये लुका चेचलाच आत एक चमत्कारिक कीटक सापडला, लांबट पायांचा, बारीक मानेचा आणि डोळे नसलेला. होहेनवार्ट नावाच्या सरदाराकडून तो निसर्गाभ्यासक फर्डिनांड श्मिट यांच्याकडे पोहोचला आणि त्यांनी 1832 मध्ये त्याचे लेप्टोडिरस होखेनवार्टी या नावाने वर्णन केले. पूर्णपणे गुहेतच जगणारा कीटक म्हणून ओळख पटलेला हा पहिला भुंगा, आणि त्याच्यापासून गुहाजीवशास्त्र या शाखेचा आरंभ मानला जातो. त्याहून प्रसिद्ध रहिवासी म्हणजे प्रोटियस, फिकट गुलाबी कातडीचा, पाव मीटरभर लांबीचा जलचर उभयचर, ज्याचे कल्ले आयुष्यभर बाहेरच राहतात आणि ज्याला स्थानिक लोक माणसाच्या कातडीच्या रंगावरून मानवी मासोळी म्हणतात. अतिवृष्टीनंतर भूमिगत नद्यांना पूर आला की हे प्राणी झऱ्यांतून बाहेर फेकले जात, आणि जमिनीच्या पोटात राहणाऱ्या अजगरी राक्षसाची ती पिल्ले आहेत अशी लोकसमजूत वाल्वासोर या विद्वानाने 1689 मध्ये नोंदवून ठेवली आहे. शास्त्रीय नाव त्याला 1768 मध्ये मिळाले. अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिलाला डोळे असतात, परंतु वाढीबरोबर ते खुंटतात आणि कातडीखाली झाकले जातात. तरीही त्याची कातडी प्रकाश ओळखते आणि तो प्रकाशापासून दूर सरकतो. डार्विनने गुहेतील प्राण्यांच्या गेलेल्या डोळ्यांचे कारण वापराचा अभाव हेच मानले होते. आजचे अभ्यासक त्यात, डोळा बाळगण्याला लागणारी ऊर्जा वाचवणे आणि निवडीचा धाक सुटल्यावर साचत जाणारे जनुकीय बदल, अशा आणखी कारणांची भर घालतात. अन्नाची टंचाई असलेल्या जगात हा प्राणी वर्षानुवर्षे उपाशी राहू शकतो, मादी सुमारे बारा वर्षांतून एकदा अंडी घालते आणि आयुष्य शंभर वर्षांपर्यंत जात असावे असे अनुमान आहे.

या डोळ्यांच्या प्रश्नाला एक अनपेक्षित पुणेरी धागा आहे. फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञाने 1872 मध्ये पुण्याकडच्या नमुन्यांवरून एका छोट्या, तळाशी राहणाऱ्या माशाचे वर्णन केले आणि त्याला एका कर्नलच्या नावावरून 'एव्हेझार्डी' हे नाव दिले. दख्खनच्या ओढ्यानद्यांत राहणाऱ्या या माशाला नीट डोळे आणि अंगावर ठिपके असतात. छत्तीसगडमधील बस्तर भागात, कांगेर खोरे राष्ट्रीय उद्यानातल्या कुटुमसर या चुनखडीच्या गुहेत, त्याच जातीत गणली जाणारी एक जमात आहे, जिचे डोळे अगदी लहान झालेले आणि रंग फिका पडलेला आहे. युरोपातल्या प्रोटियसची सारी जात अंधाराला इतकी सरावलेली आहे की तिचे उजेडातले नातेवाईक फार दूरवर शोधावे लागतात. बस्तरमध्ये मात्र उजेडातला आणि अंधारातला मासा अजून एकाच नावाखाली नांदतात, आणि म्हणून अंधार प्राण्याचे काय करतो हे समजून घ्यायला कुटुमसरचा छोटा मासा कदाचित अधिक उपयोगी आहे. त्याला तितकी कीर्ती लाभलेली नाही.

पोस्तोयनात 2016 मध्ये एका मादी प्रोटियसने पर्यटकांना दाखवण्यासाठी ठेवलेल्या टाकीत साठाहून अधिक अंडी घातली आणि त्यांतून वीसहून अधिक पिल्ले जगली. ज्या गुहेने 1884 पासून विजेच्या दिव्यांवर आपली कीर्ती उभारली होती, तिने या वेळी टाकीभोवतीचे दिवे बंद केले, झाकणे लावली आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांवर चालणारा कॅमेरा बसवला, ज्याचे चित्र बाहेर पडद्यावर लोकांना पाहता येई. दाखवणे आणि उजळणे या दोन क्रिया वेगळ्या करता येतात हे तेथे पहिल्यांदा इतक्या स्पष्टपणे सिद्ध झाले. गंमत अशी की रंगहीन, अस्पष्ट, करड्या छायाचित्रातले ते ठिपके पाहण्याची लोकांची उत्सुकता 'ब्रिलियांट'पुढे उभे राहणाऱ्यांच्या उत्सुकतेहून तसूभरही कमी नव्हती.

तरीही सारा दोष दिव्यांवर टाकणे सोयीचे असले तरी अपुरे ठरेल. गुहेत ठिबकणारे पाणी वरच्या जमिनीतून येते, आणि वरच्या जमिनीवर तिकीट नसते, वाटाड्या नसतो, कठडा नसतो. स्लोव्हेनियाच्याच बेला क्रायना भागात, क्रुपा नावाच्या झऱ्याच्या पाण्यात 1980 च्या दशकात पीसीबी या दीर्घकाळ टिकणाऱ्या विषारी रसायनांचे मोठे प्रमाण आढळले. विद्युत उपकरणांच्या भागांची निर्मिती करणाऱ्या एका कारखान्याचा कचरा कार्स्ट भूमीत टाकला गेला होता आणि चुनखडीतून वाहणारे पाणी मातीतून झिरपणाऱ्या पाण्यासारखे गाळले जात नाही. त्या पाण्यातल्या प्रोटियसच्या शरीरात ते विष साठलेले आढळले. तेथे कोणी दिवा लावला नव्हता आणि कोणी पर्यटकही गेला नव्हता. दहा हजारांहून अधिक नोंदलेल्या गुहा असलेल्या देशात मोजक्याच गुहा दाखवल्या जातात आणि बाकीच्यांच्या वाट्याला काळोख येतो, हे धोरण योग्यच आहे, पण न पाहिलेली गुहा सुरक्षित असतेच असा त्याचा अर्थ होत नाही. उलट, पोस्तोयनात 1947 पासून कार्यरत असलेल्या कार्स्ट संशोधन संस्थेसारखी संस्था उभी राहू शकली यात त्या एका बहुचर्चित गुहेचा वाटा नाकारता येत नाही. गुहांच्या अशाच अभ्यासातून मेघालयातील मावम्लूह गुहेच्या एका लवणस्तंभाच्या थरांमध्ये सुमारे 4200 वर्षांपूर्वी मोसमी पाऊस क्षीण झाल्याची खूण सापडली, आणि त्यावरून भूशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये पृथ्वीच्या चालू कालखंडातील शेवटच्या टप्प्याला 'मेघालयन' असे नाव दिले. हे वाचन करण्यासाठी तो स्तंभ कापावा लागला, हेही या हिशेबात धरायला हवे.

कुटुमसरची व्यवस्था पोस्तोयनाच्या मानाने अगदीच साधी आहे. तेथे रूळ नाहीत, नृत्यदालन नाही, आणि वाटाडे हातातला दिवा घेऊन लहान लहान गटांना अरुंद वाटेने आत नेत आले आहेत, त्यामुळे उजेड माणसांबरोबर येतो आणि माणसांबरोबर निघून जातो. आतली हवा सुमारे 28 अंश सेल्सिअस आणि अतिशय दमट असते. पोस्तोयना वर्षाचे सर्व दिवस उघडी असते. कुटुमसर मात्र पावसाळ्यात बंद ठेवावी लागते, कारण जूनच्या पावसानंतर पाणी आत शिरते आणि पायवाटेचा मोठा भाग बुडतो. ही सुट्टी कोणत्याही संवर्धन समितीने ठरवून दिलेली नाही. त्या महिन्यांत पुराबरोबर पालापाचोळा, कुजकी लाकडे आणि किडेमुंग्या गुहेच्या डबक्यांपर्यंत वाहून येतात, आणि वटवाघळांच्या विष्ठेबरोबर तेच त्या फिकट माशांचे पुढच्या कोरड्या महिन्यांपुरते अन्न असते.